सुरीनं कापलेली भाकरी

लग्न होऊन मी बोरीहून परभणीत आले, तेव्हापासून माझे वडील दर बाजाराला आमच्याकडे यायचे, ओट्यावर बसायचे आणि परत जायचे. उंबऱ्याच्या आत पाऊल नाही, पाण्याचा घोट नाही. भांडण वगैरे काही नव्हतं. लेकीला लेकरू होईपर्यंत तिच्या घरच्या अन्नपाण्याला शिवायचं नाही, ही आमच्या घराण्याची रीत. आणि रीत पाळण्यात आमचं घराणं सगळ्या पंचक्रोशीत पुढं. एखाद्या साली कापूस हातचा गेला तरी चालेल, रीत जाता कामा नये.

लेकरू काही होत नव्हतं. ते पुढंही झालं नाही. हे इथंच सांगून टाकते, म्हणजे शेवटी पाळणा हलेल म्हणून कुणी आशेनं वाचत बसायला नको.

ओट्यावर टेकले की वडील शेजारच्या दाराकडं तोंड करून खाकरायचे. शेजारीण तांब्याभर पाणी आणायची, मागून चहा आणायची. तिच्या घरचं चालायचं. तिच्या आणि माझ्या घरात भिंत एकच आणि अंगणातला नळही दोघींत एकच. त्या नळाचं पाणी तिच्या माठात गेलं की पिण्याजोगं व्हायचं आणि माझ्या माठात गेलं की लेकीचं व्हायचं. पाणी कुणाच्या हातचं प्यायचं आणि कुणाच्या हातचं नाही, ह्या शास्त्रात आमचा मुलूख पहिल्यापासून हुशार. त्यामुळं गल्लीत ज्याला माहीत नव्हतं त्यालाही दर आठवड्याला कळायचं की ह्या बाईची कूस उजवलेली नाही. दवंडी पिटायला वेगळा माणूस लागायचा नाही.

मला वडिलांना जेवू घालायचं होतं. दुसरं काही नको होतं. लग्नाच्या आधी त्यांचं ताट मीच वाढायचे. माय भाकरी करायला बसली की वडील म्हणायचे, पोरीला बसव. माय म्हणायची, तिला धड थापायला येत नाही, एका बाजूनं कड फाटते. खरंच फाटायची. अजूनही फाटते, माझा डावा हात थापताना मागं राहतो. पण ते ती फाटक्या कडेची भाकरी खायचे आणि वर अर्धी मागायचे. अशा माणसानं माझ्या दारात बसून शेजारणीचा चहा फुंकून फुंकून प्यावा आणि मी दाराआडून बघावं, ह्याचा मला राग यायचा. वाईट वाटायचं ते वेगळं, पण राग जास्त यायचा.

माझा नवरा शाळेत चित्रकलेचा मास्तर. स्वभावानं गरीब, पण डोक्यात कल्पना मोठमोठ्या. त्याच सुमारास आमच्या परसाच्या भिंतीपलीकडं एक हॉटेल उघडलं. परभणीला तेव्हा शहर व्हायची फार घाई झाली होती आणि हॉटेलच्या मालकाला त्याहून जास्त. तो हैदराबादेत चार दिवस राहून आला होता आणि आल्यापासून त्याला इथलं काहीच गोड लागत नव्हतं. त्यानं काचेचं दार बसवलं. गिऱ्हाइकं त्यावर डोकी आपटायला लागली तेव्हा दारावर लाल रंगात भलंमोठं स्वस्तिक काढून घेतलं. आत शिरल्या शिरल्या माशांची पेटी होती आणि तिच्यात एकच मासा होता. बाकीचे कुठं गेले हे कुणी विचारलं की मालक विषय बदलायचा. त्यापुढं पडदे लावलेली फॅमिली रूम. तिथं असा मंद दिवा की आपण काय खातोय ते दिसू नये, आणि पहिल्या दिवसापासून सगळ्यांचं मत पडलं की ही सोय चांगली आहे. मेनूकार्डाला रेक्झिनचं कव्हर होतं. आत पदार्थांची नावं पानभर आणि स्वयंपाकघरात रस्सा एकच, लाल. त्यात पनीर पडलं की एक नाव, वाटाणे पडले की दुसरं, आणि काहीच पडलं नाही तर ते सगळ्यांत महाग.

फॅमिली रूमच्या भिंतीवर चित्र काढायचं काम मालकानं माझ्या नवऱ्याला दिलं. म्हणाला, "मास्तर, आपल्या गावाकडचं चित्र पाहिजे. पण जरा शहरातल्या मानसाला पसंद पडंल असं काढा." नवऱ्यानं दिवाळीची सगळी सुट्टी त्यात घातली. भिंतीवर तळं आलं, तळ्यात हंस आले, काठावर नारळाची झाडं आली, मागं बर्फाचे डोंगर आले, आणि ह्या सगळ्याच्या मधे कमरेवर घागर घेतलेली आमच्याकडची बाई उभी राहिली. तिच्या पायाशी हरीण होतं. मी म्हटलं, शेळी काढायची होती. तो म्हणाला, "शेळीला सौंदर्य नसतं." ज्या घरात शेळीचं दूध पिऊन माणसं वाढली त्या घरच्या जावयानं हे म्हणावं, ह्याला कला म्हणतात.

पण चित्रापायी मालक आमच्या उपकाराखाली आला. आणि एके दिवशी नवराच म्हणाला, "मामा आपल्या घरी जेवत नाहीत ना, मग आपण त्यांना हॉटेलात घेऊन जाऊ. हॉटेल म्हणजे काही लेकीचं घर नाही." त्यानं पुढच्या बाजाराला ओट्यावर तसा विषय काढला. वडिलांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "यीन. पन बिल मी देनार. जावयाच्या पैशाचं म्हंजी लेकीच्या घरचंच झालं." नवरा बरं म्हणाला.

हे ऐकताच माझ्या डोक्यात आलं की रेक्झिनच्या कव्हरातला लाल रस्सा माझ्या वडिलांनी का खावा? मी भिंतीवरून मालकाला हाक मारली. म्हटलं, त्या दिवशीचं जेवण मी इकडं करीन आणि भिंतीवरून देईन, तुमच्या आचाऱ्यानं नुसतं ताटात घालून पाठवायचं. मालकाला आधी ते पटेना. म्हणाला, "वहिनी, माझा आचारी हैद्राबादचा हाय. त्याला वाईट वाटंल." मी म्हटलं, चित्र पुसायला मास्तरांना किती वेळ लागेल? मग त्याला पटलं.

हॉटेलात जायचा दिवस ठरला. नवऱ्यानं त्याची सहलच आखली, कारण साधं जेवायला जाणं त्याच्या स्वभावात नव्हतं. आधी शहरदर्शन, मग स्थानिक खाद्यपदार्थ, मग कला, मग भोजन. माय आणि वडील बोरीहून एस.टी.नं आले. वडिलांनी लग्नकार्यातला फेटा काढला होता आणि मायनं इरकल नेसलं होतं. स्टँडपासून हॉटेल पान चघळून होईस्तोवर चालत येण्यासारखं. नवऱ्यानं ऑटो केला आणि ऑटोवाल्याला सांगितलं की गावातून फिरवून आण. मग तो वडिलांना कचेरी दाखवायला लागला, पाण्याची टाकी दाखवायला लागला. वडील ह्या गावात निझामाच्या काळापासून येत होते. त्या कचेरीत त्यांच्या जन्माचे हेलपाटे झाले होते. पण जावयाचा हिरमोड नको म्हणून ते प्रत्येक इमारतीकडं बघून "असं असं" म्हणत होते. मायनं मात्र डोळे मिटून घेतले होते, तिला ऑटो लागला होता.

मी ह्या शहरदर्शनाला नव्हते. मी घरी चुलीपुढं होते. येसराची आमटी, अंबाडीची भाजी लसणाची फोडणी देऊन, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि ज्वारीच्या भाकरी. येसर म्हणजे आमच्याकडं भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. त्याची आमटी लग्नाच्या पंगतीत असते आणि वडिलांचा त्यावर जीव. सगळं भिंतीवरून पलीकडं दिलं, तोंडावर पाणी मारलं, बरं लुगडं नेसले आणि पुढच्या दारानं हॉटेलात जाऊन पाहुण्यांसारखी बसले.

तोवर ती मंडळी गाड्यावरचा मुरमुऱ्यांचा सुशीला आणि मिरचीची भजी खाऊन आली. गाड्यावर खाताना वडिलांना कुणाची लेक आडवी आली नाही. काचेच्या दाराशी ते थांबले आणि स्वस्तिकाला हात जोडून आत आले.

मग कला झाली. नवऱ्यानं पडदा बाजूला केला आणि चित्राशेजारी उभा राहिला. वडिलांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. खूप वेळ बघून म्हणाले, "जावईबापू, रंग लय ब्येस हायत. पन ही बाई पानी आनायला इतक्या लांब कामून गेली? गावातली हीर आटली का काय?" नवरा म्हणाला, "मामा, ही कल्पना आहे." वडील म्हणाले, "व्हय, व्हय. पन तिला म्हनावं सांच्याला घरी ये. डोंगराची थंडी असती." मायनं फक्त हरणाकडं बघितलं आणि विचारलं, "ह्याला बांधलं न्हाई का कुनी?"

वेटर आला. पांढरा कोट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या. वडिलांनी त्याला उठून रामराम घातला, बसा म्हणाले. तो बसेना. जेवणाऱ्याच्या मागं माणूस उभा ठेवून घास कसा घ्यायचा, हे वडिलांना कळेना. त्यांनी दोनदा त्याला ताटावर बोलावलं. शेवटी मालकानं येऊन सांगितलं की तो नंतर जेवतो, त्याची काळजी करू नका. आधी सूप आलं. वडिलांनी वाटीत डोकावून विचारलं, "ह्याच्यासंगं भात कुठाय?"

"मामा, हे नुसतं प्यायचं असतं. भूक लागावी म्हणून."

"भूक तर आमी घरूनच घिऊन आलाव की," वडील म्हणाले.

मग ताटं आली. हैदराबादच्या आचाऱ्यानं मान राखायला म्हणून माझ्या भाकरीला सुरी लावली होती. प्रत्येक भाकरीचे चार तिकोनी तुकडे करून ते एकावर एक रचले होते आणि वर गाजराचं फूल खोचलं होतं. अंबाडीच्या भाजीवर काकडीची चकती होती. येसराच्या आमटीवर मलईचा थेंब सोडला होता. माझा जीव असा जळाला की मी मालकाकडं बघितलं, आणि त्यानं माशाच्या पेटीकडं बघितलं.

"भाकरीला सुरी लावत्यात व्हय हितं?" वडील म्हणाले. त्यांनी गाजराचं फूल उचलून बाजूला ठेवलं. मग तुकडे ताटात मांडले आणि बोटानं सरकवत सरकवत परत भाकरी गोल केली. ती पुरती जुळल्यावर जरा वेळ तिच्याकडं बघत बसले. कापलेल्या भाकरीचं त्यांना वाईट वाटलं असणार, असं मी समजले. मग त्यांनी खायला घेतलं.

मायनं आमटीचा वास घेतला आणि विचारलं, "येसर कुनाच्या हातचं हाय गं हे?"

"आचाऱ्याच्या," मी म्हटलं. "हैद्राबादचा हाय."

"हैद्राबादेत येसर खात्यात?"

नवऱ्याला ठसका लागला. वडील म्हणाले, "आगं, राज्य होतं त्यांचं आपल्यावर. कायतरी शिकले असतील." आणि ते जेवत राहिले.

मी त्यांना जेवताना बघत होते. इतक्या वर्षांनी माझ्या हातचं त्यांच्या तोंडात जात होतं. मला हसायला येत होतं आणि रडायलाही येत होतं, आणि त्या मंद दिव्यात दोन्ही कुणाला दिसत नव्हतं. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. वडिलांचं ताट संपलं आणि ते हात थांबवून बसले. आमच्याकडं जेवणाची रीत अशी की वाढणाऱ्यानं घ्या म्हणायचं, पाहुण्यानं नको म्हणून ताटावर आडवा हात धरायचा, आणि वाढणाऱ्यानं तो हात चुकवून वाढायचं. खरं जेवण तिथून पुढं सुरू होतं. वडील त्या आग्रहाची वाट बघत होते. मी घ्या म्हणू शकत नव्हते, कारण मी पाहुणी होते. नवऱ्याला सुचलं नाही. आणि सोनेरी पट्ट्यांचा वेटर वाकून आला, त्यानं अदबीनं वडिलांचं ताट उचललं आणि घेऊन गेला. वडील त्या ताटाकडं पडद्याआड जाईपर्यंत बघत होते. भिंतीपलीकडं माझ्या चुलीशी टोपलंभर भाकरी झाकलेल्या होत्या.

बिल वडिलांनी दिलं. बाहेर येऊन मालकाला म्हणाले, "इंतजाम ब्येस हाय तुमचा. आचाऱ्याच्या हाताला चव हाय. पन त्याला म्हनावं, सुरी लावू नगंस." मग आमच्या ओट्यावर येऊन बसले, ढेकर दिला आणि पाण्यासाठी शेजारणीच्या दाराकडं बघून खाकरले.

मला वाटलं होतं, एवढ्यावर मिटलं. पण बोरीला जाऊन त्यांनी पारावर बसून त्या हॉटेलाची अशी तारीफ केली की गावाला दुसरा विषय राहिला नाही. पुढच्या बाजाराला ते भावकीतले दोघं घेऊन आले. त्याच्या पुढच्या खेपेला सरपंच आले. दुपार झाली की मालक भिंतीवरून मान काढायचा, "वहिनी, बोरीची पार्टी आलीय! येसर मागायलेत!" आणि मी हातातलं टाकून परात ओढायचे. ज्या भावकीनं लग्नानंतर माझ्या घराचा उंबरा बघितला नाही, ती माझ्या भाकरी गाजराच्या फुलासकट खाऊन जायची. मालकानं ताटाला मेनूकार्डात जागा दिली, शाही मराठवाडा थाळी. मुंबईहून आलेला कुणी साहेब ती जेवून म्हणाला की हे एकदम ऑथेंटिक आहे, आणि त्यानं आचाऱ्याला बोलावून त्याची पाठ थोपटली. आचाऱ्यानं थोपटून घेतली. त्याच्यासमोर मी घागरवाल्या बाईचं चित्र काढलेल्या भिंतीला टेकून उभी होते, रिकामा डबा परत न्यायला आलेली.

तरी मला त्याचं काही नव्हतं. माझ्या डोक्यात तिडीक जायची ती नंतर. माझ्या हातचं पोटभर खाऊन, ओठावर माझ्या ठेच्याची तिखटाई घेऊन वडील माझ्याच ओट्यावर येऊन बसायचे आणि पाणी शेजारणीचं मागायचे. दर वेळी जिभेवर यायचं की सांगून टाकावं. नवरा हात धरायचा. "सांगू नकोस," तो म्हणायचा, "कळलं तर एवढंही बंद होईल." हे खरं होतं. म्हणून मी गप्प बसायचे आणि भिंतीवरून ताटं द्यायचे.

ते दिवस नामांतराचे होते. विद्यापीठाचं नाव बदला म्हणून एक बंद, बदलू नका म्हणून दुसरा बंद. शटर दोन्ही वेळा सारखंच खाली यायचं. ह्या भांडणात खेड्यांतून लोकांची घरं जळली होती, माणसं गाव सोडून गेली होती, त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. पण एकदा असं झालं की वडील सकाळच्या पहिल्या गाडीनं येऊन उतरले आणि त्यांच्या मागं एस.टी. बंद झाली. बाजार भरला नाही. दुपारपर्यंत स्टँडवर परतीच्या गाडीची वाट बघून ते भर उन्हात चालत आमच्याकडं आले आणि ओट्यावर बसले. चैत्राचं ऊन होतं. नवरा परीक्षेच्या कामाला पूर्णेला गेला होता तो तिकडंच अडकला. वडील शेजारच्या दाराकडं बघून खाकरले. दाराला कुलूप होतं. ते परत खाकरले.

"शेजारीन पिंगळीला गेलीय आबा," मी दारातून म्हटलं. "लग्नाला."

"हाटेल?"

"बंद हाय. मालक कुलूप लावून सासुरवाडीला गेलेत."

 त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. त्यांचे ओठ सुकले होते. मी आत गेले आणि माठापाशी उभी राहिले. तांब्या भरून नेला तर ते नको म्हणणार, आणि आज त्यांनी नको म्हटलं तर मी काय करीन हे माझं मलाच कळत नव्हतं. तेवढ्यात बाहेरून त्यांचा आवाज आला.

"हाटेल बंद हाय. पन आचारी तर घरीच हाय की."

मी तशीच बाहेर आले. ते रस्त्याकडं बघत होते, माझ्याकडं नाही.

"कवापासून म्हाईत हाय तुमाला?"

"पयल्याच दिशी. तुकडे जुळवून बघितले तर कड फाटलेली. तुज्या मायला तर येसराच्या वासानंच कळलं."

"मंग बोललात कामून न्हाई?"

"बोललो असतो तर खाता आलं असतं का?" ते म्हणाले. मग त्यांनी कोपरीच्या खिशात हात घातला आणि नोटा काढून ओट्यावर ठेवल्या. "घे. बिल घे म्हंजी झालं. कर चार भाकरी. म्या हितंच बसून खातो."

त्या नोटा बघून माझा तोल गेला. इतक्या वर्षांचं सगळं तोंडात आलं. मी म्हटलं, "आबा, हितं बिल न्हाई. हे हाटेल न्हाई. हितं जेवायचं तर आत यायचं, लेकीच्या घरी, तिच्या ज्वारीचं जेवायचं, तिच्या माठातलं पानी प्यायचं. न्हाईतर असंच तहानेलं जावा."

"लोक काय म्हनतील?"

"कोन लोक? सरपंच जेवलेत माज्या हातचं. सारी भावकी जेवली. हैद्राबादच्या आचाऱ्यानं पाठ थोपटून घेतली. उपाशी ऱ्हायला त्यो एकला तुमचा मान, त्याच्यासाठी मी किती वर्षं भिंतीवरनं ताटं दिऊ? मला लेकरू न्हाई हुनार आबा. आता न्हाई हुनार. मंग तुमी कवाच जेवनार न्हाईत का?"

हे वाक्य मी त्यापूर्वी कुणापाशी बोलले नव्हते, नवऱ्यापाशीही नाही. बोलून झाल्यावर मी चौकटीला धरून उभी राहिले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. वडील खाली मान घालून बसले होते. 

मग त्यांनी नोटा उचलल्या, घडी करून परत खिशात ठेवल्या. उठले, जोडे बाहेरच काढले, नळाशी जाऊन पाय धुतले आणि उंबरा ओलांडला. आत आल्यावर जरा बावरले. इतक्या वर्षांत त्यांना माझं घर माहीत नव्हतं, कुठं बसायचं ते कळेना. मी चुलीसमोर पाट मांडला. आधी तांब्या दिला. त्यांनी तो एका दमात रिकामा केला आणि पुन्हा पुढं केला.

येसर नव्हतं, अंबाडी नव्हती. वरण होतं आणि ठेचा होता. मी भाकरी थापायला घेतली. ते बघत होते. पहिली भाकरी त्यांनी खाल्ली, दुसरी खाल्ली, ताट पुसून घेतलं आणि हात थांबवून बसले.

"घ्या आबा," मी म्हटलं.

"बास, बास," ते म्हणाले आणि त्यांनी ताटावर आडवा हात धरला. चांगला पसरून धरला, बोटं ताठ. "लय झालं. आता नगं."

"आर्धी तरी."

"नगं म्हन्लं ना."

मी तव्यावरची अख्खी भाकरी उचलली आणि त्यांचा हात चुकवून ताटात टाकली. त्यांनी हात काढून घेतला. भाकरीची कड एका बाजूनं फाटली होती. त्यांनी ताट जरा फिरवून घेतलं आणि आधी ती बाजू मोडली.